ब्रिनचा सल्ला

ब्रिनने पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा मार्गोने हातातला टोस्ट ताटलीत ठेवला. मेसमधली सकाळची गडबड, आणि त्यात पदवीचा मुख्य विषय ठरवायचा आज शेवटचा दिवस.

"बायॉलॉजी सोड, इतिहास घे," ब्रिन म्हणाली. "मेडिकलला लागणारे विषय तेवढे जोडीला कर. पदवी कशातली आहे ते कुणी बघत नाही गं, मार्क बघतात."

म्हणणारच. दोघी एका खोलीत राहायच्या, दोघींना डॉक्टर व्हायचं होतं, आणि अमेरिकेत मेडिकलला प्रवेश पदवीनंतरच मिळतो. ओहायोच्या त्या कॉलेजात डॉक्टर व्हायला निघालेली पोरं एकमेकांना पेन्सिलसुद्धा जपून द्यायची. बायॉलॉजीत ग्रेड मिळायची ती वर्गातल्या क्रमानुसार. वरच्या मोजक्यांना ए, सगळ्यात शेवटच्याच्या नशिबी डी. अशा ठिकाणी फुकटचा सल्ला कोण देतं?

मार्गोच्या गावातला एकुलता एक डॉक्टर म्हातारपणामुळे दवाखाना बंद करून गेला होता. तो दवाखाना तिला पुन्हा उघडायचा होता, आणि त्यात कुणी खोडा घातलेला तिला चालणार नव्हता. ब्रिनने नोट्स दिल्या की ती त्या पुस्तकाशी ताडून बघायची, मुद्दाम काही चुकीचं घुसडलंय का म्हणून. चूक कधी सापडली नाही. त्याने संशय आणखीच वाढला.

इतिहासात ती पहिली यायची. जुन्या साथींवरची पुस्तकं वाचताना तिला जेवायचं भान राहत नसे. बायॉलॉजीत मात्र घोडं पेंड खात होतं. परीक्षेनंतर सर फळ्यावर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी मार्क लिहायचे, नावं नाही. कमीचे मार्क आपले, हे तिने कुणालाच कळू दिलं नव्हतं. पुढच्या वर्षी आपण उसळी मारणार आणि ब्रिनला त्याचीच धास्ती आहे, अशी तिची पक्की खात्री होती.

दुपारी ऑफिसमधल्या सल्लागार बाईंनीही इतिहासच सुचवला. ब्रिनने यांचेही कान भरलेत तर, असं मनाशी म्हणत मार्गोने बायॉलॉजीवर सही केली आणि ताडताड खोलीवर आली.

"बायॉलॉजीच घेतली," ती म्हणाली. "मला वाटेतून काढायला निघाली होतीस ना?"

ब्रिन पलंगावर वाचत बसली होती. तिने पुस्तक मिटलं. तिला राग आलेला दिसला नाही, नुसती दमलेली दिसली.

"फळ्यावरचे कमीचे मार्क तुझे असतात, हे मला केव्हाचं माहितीये. सर ते लिहायला लागले की तू खिडकीबाहेर बघतेस."

मार्गोची नजर आत्ताही खिडकीकडे गेली.

"त्यांच्या लगेच वरचे कुणाचे असतात, विचारलंस कधी?"

"कुणाचे?"

"माझे. तू खाली आहेस म्हणून मी डीतून वाचते. तू गेलीस की शेवटची मी," ब्रिन म्हणाली. "ऑफिस पाचपर्यंत उघडं असतं. पळ."