भाड्याची गर्दी

माझा धंदा गर्दी पुरवण्याचा. सिनेमा असो नाहीतर सभा; ट्रक तोच, माणसं तीच.

गेल्या आठवड्यात परग्रहावर घडणाऱ्या एका सिनेमाचं शूटिंग होतं. चंदेरी झगे घालून आमच्या लोकांनी सम्राटाचा जयजयकार करायचा आणि तो "मी म्हणजेच तुम्ही!" म्हणाला की गपचूप त्याच्याकडे पाठ फिरवायची, एवढाच सीन. पण रीटेकवर रीटेक घेऊन दिग्दर्शक रडकुंडीला आला. "अहो मावशी, वळताना चेहऱ्यावर राग दिसू दे जरा! लग्नात फोटोला उभ्या राहिल्यासारख्या काय वळता?" शेवटपर्यंत काही त्याच्या मनासारखं झालं नाही.

काल साहेबांची सभा होती. साहेब माइकवर गरजले, "मी म्हणजेच तुम्ही!"

पहिल्या रांगेतल्या त्याच मावशी उठल्या आणि स्टेजकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागोमाग अख्खं मैदान वळलं. टाळी नाही, शिट्टी नाही. साहेबांचा हात वरच्या वर राहिला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. धावत जाऊन मी म्हटलं, "मावशी, डोकं फिरलंय का? हे शूटिंग नाहीये!"




"माहितीये की," मावशी म्हणाल्या, "म्हणून तर एका टेकमध्ये जमलं."