निश्चल पाणी

“आई, अजिबात हलायचं नाही हं. पाणी डुचमळलं की त्यातला औषधी वायू उडून जातो,” टबाशेजारी बसलेली केतकी म्हणाली.

“गंगेतसुद्धा बुड्या मारू देतात गं! इथे नुसतं भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं पडून राहायचं?” अनसूयाबाई हसल्या. संधिवाताने आखडलेली त्यांची बोटे कित्येक वर्षांत घास घेण्याइतकीही मिटली नव्हती. त्या बोटांसाठीच लेकीने त्यांना परदेशातल्या या डोंगरी खाणगावात आणले होते. उपचाराचा आज शेवटचा दिवस होता.

पांढऱ्या केसांची परिचारिका पाण्याकडे पाहत काहीतरी पुटपुटली. केतकीने तिचे बोलणे मराठीत सांगितले. “आई, हे पाणी खालच्या जुन्या खाणीतून येतं. हिचे वडील तिथेच खणायचे. आयुष्यभर हाच किरणोत्सर्गी वायू छातीत भरून घेतला आणि त्यानेच गेले, म्हणते.”

अनसूयाबाईंनी टबातल्या पाण्याकडे पाहिले. ज्याने एका माणसाचा श्वास नेला, तोच अदृश्य वायू चिमटीएवढा होऊन त्यांच्या सांध्यांत ऊब पेरत होता. डोंगराच्या पोटातला तो प्राचीन काळोख कुणाला किती द्यायचे, हे कसे ठरवत असेल?

त्यांनी नियम मोडला. दोन्ही हात पाण्यातून वर आले. बोटे हळूहळू वाकली, एकमेकांना टेकली आणि ओंजळ झाली. “तुझ्या बाबांना, बाई,” म्हणत त्या पाणी सावकाश सोडू लागल्या.

केतकीने भाषांतर केले नाही. हलणाऱ्यांवर एरवी खेकसणारी ती परिचारिका टबापाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने आपली ओंजळ त्या ओंजळीखाली धरली.