दोन बोटं दिवस

"दोन बोटं!" मांडवाच्या दारातून धुळाआबा ओरडले. हात सूर्यासमोर लांब धरून त्यांनी डोंगर आणि सूर्य यांच्यात किती बोटं मावतात ते मोजलं होतं. एका बोटाला पाव तास. म्हणजे नातीच्या लग्नाला उरला अर्धा तास, आणि नवरदेवाचा अजून पत्ता नव्हता!

नवरदेव दिग्विजय, पलूसचा, फौजेत. भिवघाटात वऱ्हाडाच्या गाडीचं टायर फुटलं आणि स्टेपनीही बसलेली निघाली. उद्या पहाटे त्याला मिरजेहून रेल्वे गाठायची होती. पुढचा मुहूर्त नऊ दिवसांनी. तोवर तो पोचणार लेहच्या बर्फात, आणि पुढची रजा कधी ते कुणालाच ठाऊक नाही.

पत्रिकेत वेळ छापलेलीच नव्हती. नुसतंच 'गोरज मुहूर्तावर'. "गोरजाला घड्याळ कशाला? रानातून परतणाऱ्या गुरांची धूळ उडाली की गोरज," असं भटजींनीच ऐटीत सांगितलं होतं. आता भटजीच पंचांग काखेत मारून येरझारा घालत होते.

मुंडावळ्या बांधून बसलेल्या उत्कर्षाने रडू कसंबसं आवरलं. "आबा, आजी कुटं हाय?"

"यील."

भिवघाटातून फोन आला आणि तिची आजी सुलाबाई जी मांडवातून नाहीशी झाली ती झालीच. तीही नव्याकोऱ्या लुगड्यात! बायकांची कुजबुज सुरू झाली. नातीचं लग्न आणि आजी बेपत्ता, हे काय वागणं झालं?

एक बोट राहिलं. मग अर्धं. मग आबांनी हात खाली घेतला. सूर्य डोंगराआड गेला होता.

"आबा, मुहूर्त टळला," भटजी म्हणाले. "माझा नाइलाज आहे."

आणि हॉर्न! बोलेरो थेट मांडवाच्या दारात. दिग्विजयने उडीच टाकली. फेटा हातात, हात वंगणाने काळे. मांडवात एकच कल्ला झाला. भटजी मात्र मान हलवत राहिले.

"टळला कसा?" आबा कडाडले. "गोरज म्हंजी काय, तुमीच सांगा की!"

"गुरं परतताना धूळ उडते..." भटजी अडखळले.

"मग आमची कवा परतली?"

सगळ्यांनी मेंढरांच्या वाघरीकडे पाहिलं. जाळीच्या त्या कुंपणात एकही मेंढरू नव्हतं.

आणि समोरच्या माळावर धूळ उठली! संधिप्रकाशात तांबडीलाल. शंभर-दीडशे मेंढरं उतारावरून बेंबटत खाली येऊ लागली.

"पण ही तर मेंढरं," भटजींनी शेवटची शंका काढली. "गोरजाला गाय हवी."

"म्होरं बघा की!"

सगळ्यांच्या पुढे, गळ्यातली घंटा वाजवत, घरची एकुलती एक गाय चालली होती.

भटजींना हसू आवरेना. "धरा अंतरपाट!"

अक्षता पडल्या. मग उत्कर्षा हार सावरत, लोकांना बाजूला सारत धावली आणि धुळीने माखलेल्या आजीच्या गळ्यात पडली. "आजे, सगळं टाकून कुटं गेली हुतीस गं?"

नव्या लुगड्याच्या पदराने नातीचे डोळे पुसत सुलाबाई म्हणाली, "दिस काय माज्या हातात न्हवता, बाळा. मेंढरं हुती."