दैनंदिन वापरास योग्य

होडीत पाय घातले आणि वेणूला स्वतःचे गुडघे दिसेनासे झाले.

"असंच बसायचं, सिस्टर," बबन काठावरून म्हणाला. "कमरेखालचं सगळं आत. पाणी उडत नाय, ऊन लागत नाय. टेन्शन घेऊ नका."

"आणि उलटली तर?"

"रुंद आहे. सहसा उलटत नाय."

ते 'सहसा' वेणूच्या डोक्यात जाऊन बसलं.

बबन मोरिवलीला फायबरच्या एका कारखान्यात होता. कुठल्याशा क्लबने हौशी लोकांना तळ्यात फिरायला या होड्या बनवून घेतल्या होत्या. कयाक म्हणतात तशा. एका माणसाच्या, वरून बंद, मधे बसण्यापुरतं भोक. त्यातली एक तालुक्याच्या ऑफिसातल्या नाथासाहेबांनी चाचणीला मागून आणली होती. वेणू बारवी धरणाजवळच्या उपकेंद्रात नर्स होती आणि तिच्या यादीतली एक वस्ती धरणाच्या पाण्यापलीकडे होती. जंगलातून वळसा घालून तीन तास लागत, म्हणून तिची फेरी पंधरा दिवसांतून एकदाच व्हायची. पाण्यावरून अर्धा तास पुरला असता. वस्तीसाठी पूल मंजूर होता, पण अजून कागदावरच; पोरांची शाळासुद्धा अलीकडच्याच काठाला होती.

"पंधरा दिवस रोज वापरा," नाथासाहेबांनी छापील तक्ता तिच्या हातात दिला. "पण एक लक्षात ठेवा. एक जरी खोट लिहिलीत तरी होडी परत जाईल. वरचे लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत."

वेणूला पोहता येत होतं. कुळगावला मामाने उल्हास नदीत ढकलून शिकवलं होतं. भीती पाण्याची नव्हती, पाण्यात पाय अडकण्याची होती.

"उलटली की घाबरायचं नाय," बबनने जाताना सांगितलं. "पुढं वाकायचं, दोन्ही हातांनी कड ढकलायची, बाहेर यायचं. तशी ही हौसेची चीज आहे, सिस्टर. माणूस रविवारी येतो, चार चकरा मारतो, चहा पिऊन घरी जातो."

पहिले तीन दिवस ती काठाकाठाने फिरली. चौथ्या दिवशी पलीकडे गेली. रोज संध्याकाळी ती तक्ता भरायची. शांत पाण्यात डुलत नाही. लशींची पेटी पाठीमागे बसते. वारा आडवा आला की तोंड फिरतं. चढावर एकटीला ओढवत नाही. पलीकडची पोरं होडी दिसली की ओरडत खाली धावत यायची, आणि वस्तीवरचा म्हातारा धोंडिबा कमरेएवढ्या पाण्यात उतरून होडीचं टोक धरायचा.

"बाय, तू रोज येतीस, तर बरं वाटतंय," तो म्हणायचा. त्याच्या सुनेला, भागीरथीला, आठवा महिना होता. पाय सुजले होते. वेणू रोज तिचं ब्लडप्रेशर बघायची आणि आकडा रोज थोडा वर सरकत होता.

नवव्या दिवशी मधोमध पोचल्यावर डोंगराकडून वारा सुटला. टोक फिरलं. तिने वल्हं उलट्या बाजूला जोरात मारलं आणि आभाळ पायाखाली गेलं.

सगळं हिरवं झालं. कानांत पाणी, नाकात पाणी. तिने कड ढकलली. कंबर निघाली, गुडघे निघेनात. साडी आत कशाला तरी अडकली होती. तिने पुन्हा ढकलली. छातीत काहीतरी फुटेल असं वाटलं. आई, एवढा एकच शब्द डोक्यात होता. मग टर्रकन आवाज झाला, निदान तिला तसं वाटलं, आणि ती वर आली.

होडी पालथी तरंगत होती, पाण्याने गच्च भरलेली. ती सरळ करून आत बसणं शक्यच नव्हतं. तिला धरून पाय मारत वेणू पलीकडे लागली, तेव्हा काठावर कुणी नव्हतं. ती कितीतरी वेळ दगडावर बसून साडी पिळत राहिली. या होडीत पुन्हा बसायचं नाही, आजच तसं लिहायचं, असं तिने ठरवून टाकलं.

धोंडिबा खाली आला. "भिजलीस कशी गं?"

"पाणी उडालं," ती म्हणाली. का म्हणाली, तिलाही कळलं नाही.

झोपडीत भागीरथी डोकं गच्च धरून पडली होती. डोळ्यांपुढे काजवे दिसतात म्हणत होती. वेणूने घट्ट बंद पेटीतून ब्लडप्रेशरचा कोरडा पट्टा काढून बांधला, आकडा बघितला आणि तिथल्या तिथे डोली बांधायला लावली. चौघांनी तिला जंगलातून सडकेपर्यंत नेलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दिवस मावळला असता तर दोघंही हातची गेली असती. मुलगी झाली. छोटी, पण रडली.

पंधराव्या दिवशी वेणू तक्ता घेऊन बसली. 'होडी उलटली का?' या रकान्यावर पेन थांबलं. तिला हिरवं पाणी आठवलं. मग भागीरथी आठवली, आणि पुन्हा पंधरा दिवसांतून एकदाची फेरी. माझी भीती माझ्यापाशी, मी जपून जाईन, असं म्हणून तिने लिहिलं : नाही. शेवटच्या रकान्यात लिहिलं : दैनंदिन वापरास योग्य. खाली सही केली.

महिन्याभराने नाथासाहेब स्वतः उपकेंद्रात आले. चेहरा फुललेला होता.

"सिस्टर, तुमच्या रिपोर्टने काम केलं! वर सगळे खूश आहेत. कारखान्याला ऑर्डरसुद्धा गेली."

वेणूने हसत पत्र हातात घेतलं. होडी मंजूर झाली होती. तिच्या चाचणीचा उल्लेख होता, नाव होतं, अभिनंदन होतं. तिने पान उलटलं.

'सदर अहवालावरून पाण्यातून रोज ये-जा करणे सुरक्षित असल्याचे सिद्ध झाल्याने, वस्तीसाठी मंजूर असलेला पूल रद्द करण्यात येत आहे. त्याऐवजी इयत्ता पहिली ते चौथीच्या चौदा विद्यार्थ्यांना शाळेत येण्यासाठी अशाच चौदा होड्या देण्यात याव्यात.'