चाळीस सेकंदांची शांतता

"शपथ घे," सर्वेश स्वयंपाकघराचं दार लोटून आईला म्हणाला. "शूटिंग संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"आणि घावणे?"

"घावणे दे गं. फक्त बोलू नकोस."

शेवंतीबाईंनी खोबऱ्याच्या वाटीवर हात ठेवून शपथ घेतली. हाताशी दुसरं पवित्र असं काही नव्हतं.

बाहेर हॉलमध्ये दिग्दर्शक गंधाली कॅमेरा लावून बसली होती. सर्वेश ज्यात दिसणार होता अशी ही चौथी डॉक्युमेंटरी. आधीच्या तिन्हींमध्ये तो एकाच गोष्टीमुळे होता. सात वर्षांपूर्वी मुलुंडला, याच सोसायटीच्या आवारात त्याच्या बँडचा कार्यक्रम झाला, त्याची फिल्म निघाली. त्यात बाकीचे थांबतात, एकट्या सर्वेशची गिटार सुरू होते आणि मध्येच गप्प होते. तो डोळे मिटून तारा छेडतोय, आवाज शून्य. चाळीस सेकंद. मग गिटार पुन्हा कडाडते. एका समीक्षकाने त्या शांततेला 'शहराने रोखून धरलेला श्वास' म्हटलं. दुसऱ्याने त्यावर पीएचडी केली.

झालं होतं एवढंच, की वड्यांच्या स्टॉलवरची चटणी संपली आणि शेवंतीबाईंनी मिक्सर लावायला जो प्लग उपटला, तो सर्वेशच्या गिटारच्या अँपचा निघाला. डोळे मिटून तंद्रीत असलेल्या सर्वेशला ते कळेपर्यंत चटणी होऊन प्लग परत लागलाही होता. हे फक्त मायलेकांना ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला कळलं, तर सर्वेश फिल्ममधून बाद. त्या चाळीस सेकंदांखेरीज त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं.

"त्या शांततेत तुम्हाला काय ऐकू येत होतं?" गंधालीने विचारलं.

"मी स्वतः," सर्वेश म्हणाला. हे उत्तर त्याने तिन्ही वेळा दिलं होतं.

कोपऱ्यात साउंडवाला अंबादास हेडफोन लावून ती जुनी फिल्म ऐकत होता. त्याच्या कपाळाला आठी पडली. "मॅडम, ह्या शांततेत कायतरी घरघरतंय."

"पंखा असेल," सर्वेश म्हणाला.

"उघड्या आवारात?"

गंधालीने घड्याळ पाहिलं. "बघू नंतर. आधी खोलीची शांतता घेऊ. एक मिनिट कुणीही हलायचं नाही, बोलायचं नाही. एडिटिंगला लागते."

सगळे पुतळे झाले. अंबादासने माइक उंच धरला. सर्वेश मनात आकडे मोजू लागला. दहा. वीस. आतून भांड्याचा आवाज नाही. तीस. आईने शपथ पाळली, या विचाराने त्याचा जीव भांड्यात पडला.

आणि स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.

अंबादासने डोळे मिटले. हेडफोनचा एक कान वर करून, दुसरा तसाच ठेवून ऐकलं.

"हाच तो," तो म्हणाला.

गंधाली उठून आत गेली. मागोमाग सर्वेश, शर्टाला टोचलेल्या माइकसकट. शेवंतीबाई मिक्सरचं झाकण दाबून उभ्या होत्या. त्यांनी मुलाचा चेहरा पाहिला.

"मी तोंड उघडलं का?" त्या म्हणाल्या. मग गंधालीला, "होतेच गं चटणी. त्या दिवशीपण चाळीस सेकंदच लागले."

मिक्सर चालू होता. गंधालीने सावकाश सर्वेशच्या शर्टाचा माइक काढला आणि शेवंतीबाईंच्या पदराला लावला. कॅमेरा आत आला.

"मावशी, पहिल्यापासून सांगा."

शेवंतीबाईंनी केस सारखे केले. मुलाला खूण केली. "झाकण दाबून धर रे."

सर्वेशने धरलं.

"तो दिसतो ना फिल्ममध्ये?" त्यांनी विचारलं.

गंधालीने एका डोळ्याने कॅमेऱ्यात पाहिलं. "हात येतोय."