नाल्यापल्याडचा वाघ

प्रेरणाने ओसरीच्या फरशीवर खडूने सगळं शिवार काढलं होतं. वाघ जिथे जिथे दिसला म्हणून लोक सांगत होते, तिथे तिथे तिने एकेक सरकी ठेवली होती. सगळ्या सरक्या नाल्याच्या पलीकडे, झुडपी जंगलात पडल्या होत्या. अलीकडे गावाची वावरं होती आणि त्यांत एकही सरकी नव्हती. बघून जिवाला बरं वाटावं असंच ते चित्र होतं.

शेजारी तिचं पुस्तक उघडं पडलं होतं. दिवाळीच्या सुटीत नागपूरच्या कॉलेजातून आणलेलं, एम.टेक.चं, इंग्रजी, आणि इतकं जाड की बाबा येता-जाता ते नुसतं उचलून बघायचे. विषय अंदाजाचा. वस्तू डोळ्यांना दिसत नाही, तिची खबर मिळते तीही थोडीफार चुकीची. तेवढ्यावरून ती कुठे असेल आणि पुढे कुठे जाईल हे काढायचं. पुस्तकात त्यासाठी विमान होतं आणि रडार होतं. केळापूर तालुक्यातल्या या गावात विमान कुठलं यायला? प्रेरणाने वाघ घेतला. प्रत्येक नव्या खबरीसरशी वाघाभोवती तिने आखलेलं वर्तुळ लहान होत गेलं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची मजा वाटत होती.

काल दिवेलागणीला आईने, विमलताईने, विचारलं होतं की तुझं पुस्तक काय म्हणतं. बोंडअळीने अर्धा कापूस नेला होता. उरलेला वेळेत घरी आला नाही तर वर्ष पाण्यात जाणार होतं, आणि वाघाच्या भीतीने वेचणीला बाया मिळत नव्हत्या. प्रेरणाने छातीठोकपणे सांगितलं, नाल्यापल्याड आहे. त्या शब्दावर आईने घरोघरी फिरून बाया गोळा केल्या आणि आज सकाळी ती त्यांना घेऊन वावरात गेली.

दुपारी वनरक्षकाचा फोन आला. बाबा, बबनराव, अंगणात उभे राहून त्याला सांगत होते की काल सांजेला मी वावरात होतो, तिथून दिसला, नाल्यापल्याड. ही खबर प्रेरणाला नवीन होती. तिने लगेच एक सरकी उचलली, आणि ठेवता ठेवता तिचा हात थांबला. त्यांच्या वावरातून नाला दिसतच नाही. मध्ये टेकाड आहे.

तिने तसं विचारलं. बबनरावांनी फोन खिशात घातला आणि उगाच चपलेचा अंगठा चाचपत राहिले.

"आपल्या वावरात दिसला म्हनलं, तं वेचाले कोन येईन?" ते म्हणाले.

आणि वाघाची पहिली खबर देणारे शेजारचे भीमराजकाका? त्यांनीही तेच केलं होतं. ज्याच्या त्याच्या वावरात कापूस फुटून उभा होता. ज्याला वाघ दिसला त्याने तो आपल्याच वावरात पाहिला होता आणि नाल्यापल्याड सांगितला होता. असं करा म्हणून कोणी कोणाला सांगावंही लागलं नव्हतं.

पुस्तकात पहिल्याच धड्यात ही अट होती. चुका कितीही असोत, त्या कधी इकडे, कधी तिकडे पडाव्यात. सगळ्या एकाच बाजूला कलल्या तर वर्तुळ लहान होत जातं आणि चुकीच्याच जागी होत जातं. प्रेरणाने ती अट परीक्षेसाठी घोकली होती. तिला स्वतःची लाज वाटली. लाज फार वेळ टिकली नाही, कारण तिच्यामागोमाग भीती आली.

तिने सरक्या उचलल्या. आधी कोणाला दिसला, मग कोणाला, त्या क्रमाने एकेक सरकी सांगणाऱ्याच्या स्वतःच्या वावरात ठेवत गेली. पसरलेल्या सरक्यांची सरळ वाट झाली. ती एकेक वावर ओलांडत गावाकडे आली होती. शेवटची सरकी बाबांची होती.

"बाबा, आई तिथंच आहे."

"दुपारचा झोपून राह्यते तो," बबनराव म्हणाले. "आन गेला असंन आतालोक पुढं." पण बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

ती पळतच निघाली. एरवी वेचणी असली की बायांचा गलका रस्त्यावरूनच ऐकू यायचा. आज कापसाच्या उभ्या पऱ्हाटीतून आवाज येत नव्हता. धुऱ्यापाशी, वावराच्या बांधाशी, पोचल्यावर तिला बाया दिसल्या. सगळ्या एकमेकींना खेटून, खाली मान घालून वेचत होत्या. लुगड्यावर बाबांचा जुना सदरा घातलेली आई सगळ्यांच्या मागे होती. प्रेरणाने हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई मान न उचलता म्हणाली,

"हळू. तुरीत बसून आहे."

"मंग चाला ना घरी," प्रेरणा कुजबुजली.

"पळालो तं उठते तो. वेचत वेचतच निंगू. तूबी हात लाव."

प्रेरणा तिच्याशेजारी उभी राहून बोंडं काढू लागली. बोटांना बोंडांची टोकं टोचत होती. बाया एकेक पाऊल धुऱ्याकडे सरकत होत्या, आणि पलीकडे तुरीचे शेंडे हलत होते. वारा नव्हता. एकेक करून बाया धुऱ्यावर चढल्या. प्रेरणा चढली.

आईने धुऱ्यावर एक पाय ठेवला आणि मागे पाहिलं. वेचून झालेल्या ओळीत, तुरीच्या अंगाला, एक बोंड राहून गेलं होतं. चांगलं फुटलेलं, पांढरंशुभ्र. प्रेरणाने तिच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली.

आईने ती हलकेच सोडवून घेतली आणि मागे वळली.