पाणी किती फुटांवर?

बहात्तरच्या दुष्काळात वाशी-येरमाळ्याकडच्या एका गावात भूगर्भवाले साहेब आले. जमीन तपासून म्हणाले, "दोनशे फुटांवर पाणी आहे." लोकांच्या ध्यानात राहावं म्हणून त्यांनी सत्यभामाबाईला ओवी रचायला लावली, तिच्या ओव्या गावभर जात्यावर चालायच्या. पण 'दोनशे' काही केल्या चालीत बसेना, म्हणून तिनं 'वीस' घातलं. दुसऱ्या दिवशी अख्खा गाव टिकाव घेऊन भिडला. आणि विसाव्या फुटाला झरा फुटला!

साहेब धावत आले. "बाई, हे वीस आणलं कुठून?"

"चुकलं सायेब. दोनशे बसंना."

साहेब वही उघडून तिच्यापुढं बसले.

"येरमाळ्याला साडेतीनशे निघालंय. बघा, काही बसतंय का."